चक्कुबंदी

खानापूर कचेरीसमोर, झेरॉक्सच्या पत्र्याखाली
माझं टेबल. एक पाय विटेवर.
एकतीस वर्षं इथंच बसून
लोकांच्या जमिनी या नावावरून त्या नावावर नेतोय,
स्वतः जागचा न हलता.

इसार दिला म्हणजे जागा आमची झाली न्हवं?
नाही. इसार म्हणजे शब्द, पैसे लावून दिलेला.
नोटरीचा शिक्का चालंल काय वो?
चालतो. कोर्टाच्या पायरीपर्यंत.
उताऱ्यावर नाव त्याचं हाय, मग मालक तोच की?
उतारा सारा कोण भरतो ते सांगतो.
मालकी मागच्या कागदात असते,
मागची, त्याच्याही मागच्या कागदात,
आणि अगदी शेवटी असतो कुणीतरी आजा
ज्यानं कागदच केला नव्हता.

लेकींच्या सह्या लागतात?
लागतात.
गोव्यात दिलेलीची पण?
तिचीच आधी आणा.

बोजा आहे का ते बघायला जो दाखला काढतात
त्याला कानडीत म्हणतात ऋणभार.
मराठी माणसाला तो शब्द वाचून दाखवला
की तो उगाच खाली बघतो.

(माझं घर? बिनशेती न झालेल्या जागेत, अडीच गुंठे.
खातं नाही. विचारू नका.)

आज तुळसव्वा होसूरकर आली होती.
चौतीस गुंठे, अकरा-ई नकाशा, फोटो, आधार, सगळं पिशवीत.
घेणारा बाळप्पा तल्लूर, बैलहोंगलकडचा, काळ्या रानाचा माणूस.
दस्त कानडीत. मी तिला मराठीत वाचून दाखवत होतो.
चक्कुबंदी: पूर्वेस सातेरी गुरव यांची जमीन,
पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस –
थांबा, म्हणाली. सातेरी जाऊन बारा वर्षं झाली.
म्हटलं, वारसांनी नोंद घातली नाही.
कागदात तो अजून पूर्वेलाच आहे.
असू दे, म्हणाली. बांधावरनं भांडायचा लई,
खरं पाणी आधी मला सोडायचा.

मग ती ओळ आली
जिचं भाषांतर मला कधीच करावं लागत नाही:
निधी, निक्षेप, जल, तरु, पाषाण, अक्षीण, आगामी.
आगामी म्हणजे?
पुढं या जागेत जे जे होईल, ते.
ते बी विकलं मी?
हो. त्याच किमतीत.

बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.
फणसाला यंदा अठ्ठावीस लागलेत, म्हणाली.
सकाळी मोजून आलेय.

याचं उत्तर मला येतं.
नोंदणी झाली की झाड त्याचं, झाडावरचंही त्याचं.
येत होतं तरी मी चष्मा पुसायला घेतला.

एन अंतार्री? बाळप्पानं विचारलं.
मी त्याला त्याच्या भाषेत फणस मोजून सांगितले.
त्यानं टोपी मागं सरकवली.
आमच्याकडं ज्वारी, हरभरा, म्हणाला, हे झाड मला ठाऊक नाही.
पिकला कधी हे ह्यांनी येऊन ठोकून सांगावं,
सांगतील तितके न्यावेत.

हे दस्तात घालू का?
मी दोघांना विचारलं, दोन्ही भाषांत.
बेडा, तो म्हणाला. नको, ती म्हणाली.
एकाच दमात.

सर्व्हर दोनदा पडला. टोकन चौदा चार वाजता.
आत यंत्र तिचा अंगठा घेईना,
राखुंडीनं भांडी घासून घासून रेषाच गेलेल्या.
तर्जनी नाही, मधलं बोट नाही. करंगळी घेतली शेवटी,
आणि चौतीस गुंठे हलले.

माझी फी देताना सुटे शोधत म्हणाली,
एक विचारू काय वो, लिहिणारं दादा?
घराकडं जायला मी त्याच गाडीवाटेनं गेले
तर चालंल न्हवं?

दक्षिणेची वाट सरकारी आहे, म्हटलं. जा.